जुन्नरचा हिशेब : शिलालेखापासून संगणकापर्यंत



‘माहिती-व्यवस्थेच्या साहाय्याने व्यवसायाचा कारभार’ हे आजच्या विषयाचे नाव जरा बोजड आहे, याची मला कल्पना आहे. ते कानावर पडताच डोळ्यांपुढे संगणक उभा राहतो, आणि संगणक म्हटला की आपल्यापैकी निम्मे लोक हा विषय मुलाबाळांवर सोपवून मोकळे होतात. परंतु यंत्र घटकाभर बाजूला ठेवून कामाकडे पाहिले, तर विषय फार जुना असल्याचे दिसेल. माल किती आला, किती गेला, कोणाचे देणे, कोणाकडून येणे, उद्या काय लागेल आणि काल दिलेला शब्द पाळला गेला की नाही, या प्रश्नांची उत्तरे ज्याला वेळेवर मिळतात त्याचा धंदा चालतो. ही उत्तरे एका माणसाच्या डोक्यात मावेनाशी झाली, म्हणजे ती कोठेतरी लिहून ठेवावी लागतात. लिहून ठेवली की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: हे लिहिलेले वाचणार कोण?

आज मला या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास सांगावयाचा आहे, आणि त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत, आणि त्यांच्या आसपास, तो जवळजवळ सलग सापडतो.

नाणेघाटापासून आरंभ करू. कोकणातील कल्याण आणि सोपारा या बंदरांकडून देशावर येणारा व्यापारी मार्ग हा घाट चढून जुन्नरला पोहोचे व पुढे पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्याशी एक मोठा दगडी रांजण आहे. व्यापाऱ्यांकडून घेतलेली जकात या रांजणात टाकली जात असे, असे परंपरा सांगते. ती खरी धरली, तरी रांजणाची एक मर्यादा आपल्या लक्षात येईल. संध्याकाळी तो रिकामा केला म्हणजे एकूण नाणी किती जमली ते कळते. ती कोणी दिली, कशावर दिली आणि कोणी चुकवली, यातले काहीच कळत नाही. रांजणात पैसा साठतो, माहिती साठत नाही. मोठ्या व्यापाराला दोन्ही लागतात.

माहितीचे काम त्याच घाटातील लेण्याच्या भिंतीने केले आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिच्या नावाने ओळखला जाणारा तेथील लेख बहुतेक अभ्यासक इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा मानतात. त्यात यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणांची यादी आहे: १,७०० गाई आणि १० हत्ती, २४,४०० कार्षापण, अशा तऱ्हेची. यादी धार्मिक कृत्यांची असली, तरी ती लिहिणाऱ्या माणसाचा हात सरावलेल्या हिशेबनिसाचा आहे. त्याच्याजवळ शून्य नव्हते. दहा, वीस, शंभर आणि हजार यांना निरनिराळी चिन्हे होती; चार हजार लिहावयाचे, तर हजाराच्या चिन्हाला चाराचे चिन्ह जोडावयाचे. भारतीय अंकांच्या इतिहासात या लेखाला जे मोठे स्थान आहे, ते यासाठीच. ज्या वाटेने मालाचे तांडे चढत, त्याच वाटेवर एवढ्या मोठ्या रकमा अंकांत कोरलेल्या सापडाव्यात, यात मला तरी नवल वाटत नाही. जेथे व्यापार, तेथे आकडा येणारच.

आता घाट संपवून जुन्नरला उतरू. शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत मिळून शेकडो लेणी आहेत, आणि त्यांतील लेखांत राजांपेक्षा धंदेवाईक लोकच अधिक भेटतात. एका लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी दान दिली आहे. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता कल्याणच्या एका हेरणिकाचा, म्हणजे खजिनदाराचा वा सराफाचा, मुलगा आहे. गतदेशीय यवन म्हणून ओळख सांगणारे परदेशी लोकही आहेत. त्यांतील एकाने पाण्याच्या पोढ्या दिल्या, दुसऱ्याने भोजनमंडप दिला. एका लेखात २० निवर्तने जमीन करंजाच्या झाडांसाठी आणि ९ निवर्तने वडाच्या झाडांसाठी लावून दिली आहे. कोणत्या गावची जमीन, तेही लिहिले आहे. आणखी एका लेखात बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख येतो.

बुरूड आणि कासार यांच्याकडे ठेवी! आज आपण ठेव ठेवायला बँकेत जातो. त्या काळी माणूस कारागिरांच्या संघाकडे जात असे. हा विश्वास कशाच्या बळावर होता? जुन्नरचे लेख त्रोटक आहेत, परंतु याच पद्धतीचा पुरा नमुना नाशिकच्या लेण्यात मिळतो. नाशिक आपल्याला परके नाही. तेथे दान देणारा उषवदात हा क्षत्रप नहपानाचा जावई, आणि त्याच नहपानाचा अमात्य अयम याने ४६ या वर्षी आपल्या मानमोडीच्या डोंगरात मंडप आणि पोढी करविली. तेव्हा नाशिक आणि जुन्नर एकाच राज्यात होती व एकाच व्यवहाराच्या रीतीने चालत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

उषवदाताने ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून कोष्ट्यांच्या दोन संघांकडे ठेवले. २,००० एका संघाकडे दरमहा शेकडा एक दराने, आणि १,००० दुसऱ्या संघाकडे दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे भोगावयाचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रांसाठी मिळावेत, असे ठरले. आता पाहा: २,००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाचे २४०, आणि वीस जणांना बारा-बारा म्हणजेही २४०. हिशेब दमडीला दमडी जुळतो. त्यानंतर लेख जे सांगतो ते आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. ही सगळी व्यवस्था निगमसभेत ऐकविली गेली आणि रीतीप्रमाणे फलकवारात, म्हणजे नोंदींच्या कचेरीत, नोंदविली गेली.

म्हणजे एकाच व्यवहाराच्या तीन नोंदी झाल्या: एक सभेतील लोकांच्या कानांत, एक कचेरीच्या फळ्यावर आणि एक खडकावर. कोष्ट्यांना त्यात फेरफार करता येत नव्हता, दात्याच्या वारसांना येत नव्हता, आणि भिक्षूंनाही येत नव्हता. कोष्ट्यांच्या संघाची पत यातून तयार झाली. वाचता न येणारा माणूसही सभेत बसून ऐकू शकत होता. या गोष्टीला मी आज फलकाची रीत म्हणेन, कारण पुढे तिच्याकडे पुन्हा यावे लागणार आहे.

मधली अनेक शतके ओलांडून आपण कागदाच्या काळात येऊ. १४९० मध्ये निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नरला झाली. येथे हातकागदाचा धंदा भरभराटला. चिंध्या आणि जुनी गोणपाटे कुजवून, कुटून, त्यांचा लगदा जाळीवर उचलून, वाळवून आणि घोटून कागदी लोक कागद तयार करीत. दफ्तरांच्या आणि चोपड्यांच्या कामी जुन्नरी कागदाला नाव होते. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांच्या रुमाल कागद बांधून ठेवलेले आहेत. त्या अवाढव्य कारभाराला जो कच्चा माल लागे, त्यात आपल्या गावचाही वाटा होता.

या कागदावर दोन प्रकारचे हिशेब लिहिले जात. सावकाराच्या पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी असे: कीर्दीत दिवसाचा व्यवहार ज्या क्रमाने झाला त्या क्रमाने लिहावयाचा, आणि खतावणीत तोच व्यवहार माणसावारी उचलून ठेवावयाचा. संगणकाचे तज्ज्ञ आज जे करतात त्याचे बीज यात आहे: एकदा लिहिलेली माहिती दुसऱ्या क्रमाने लावून पाहणे. दुसरा हिशेब गावचा. कुलकर्ण्याच्या दफ्तरात जमिनी, वसूल, बाकी आणि बलुते यांची नोंद असे. गावाचा सारा व्यवहार त्या बासनात बांधलेला असे.

ही पद्धत कामाला चोख होती. परंतु खडकावरचा लेख आणि बासनातला कागद यांच्यात एक फरक पडला होता. बासन सोडणारा एकच, मोडी लिहिणारा तोच आणि वाचून दाखविणाराही तोच. ज्याच्या नावावर बाकी निघे, त्याला ती बाकी वाचता येत नसे. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात निरक्षर शेतकऱ्याची जी दैना मांडली, तिच्या मुळाशी हे एक मोठे कारण आहे. कुलकर्णी चांगला असला तर गाव सुखी, वाईट असला तर गाव त्याच्या हातात; हिशेबाचा खरेपणा एका माणसाच्या स्वभावावर टांगलेला राहिला.

याचा स्फोट १८७५ मध्ये झाला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या वेळी, १८६१ ते १८६५ या काळात, कापसाचे भाव चढले आणि शेतकऱ्याला कर्ज सहज मिळू लागले. भाव उतरले, सारा वाढला, आणि खते मात्र तशीच राहिली. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा झाला आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावी पसरला. या दंग्याचे वैशिष्ट्य इतिहासकारांनी पुन्हा पुन्हा सांगितले आहे: बहुतेक ठिकाणी लोक सावकाराच्या जिवावर उठले नाहीत. त्यांनी त्याची खते मागितली आणि जाळली.

या घटनेचा अर्थ आपण नीट लावला पाहिजे. लोकांना कागदाचा द्वेष नव्हता. जो कागद आपल्याविरुद्ध साक्ष देतो, परंतु आपल्याला वाचता येत नाही, तपासता येत नाही आणि दुरुस्त करता येत नाही, त्या कागदाचा त्यांना द्वेष होता. आजच्या भाषेत बोलावयाचे, तर तो एका माहिती-व्यवस्थेविरुद्धचा उठाव होता.

सरकारने चौकशी केली, आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. अर्थात आपला मुलूखही त्यात आला. त्याची कलमे वाचताना मला नाशिकच्या लेखाची आठवण होते. शेतकऱ्याचे खत गावनोंदणी अधिकाऱ्यासमोर झाले पाहिजे. पैसे फेडले तर पावती मिळाली पाहिजे. ऋणकोने मागितल्यास सावकाराने हिशेबाचा उतारा दिला पाहिजे. न्यायाधीशाने खतावरील आकडा प्रमाण न मानता मूळ देवघेव काय झाली ते खणून पाहावे. या कायद्याने कर्जबाजारीपणा संपला, असे कोणी म्हणणार नाही. परंतु निगमसभेत ऐकविण्याची जी जुनी रीत मध्यंतरी लोपली होती, ती कायद्याच्या वाटेने परत आणण्याचा हा प्रयत्न होता.

हीच गोष्ट बाजारात घडली. आपल्याकडे धान्याचा भाव ‘हत्त्या’ने ठरे. दलाल आणि गिऱ्हाईक एका उपरण्याखाली हात घालीत, बोटे दाबून भाव सांगत, आणि ज्याचा माल तो शेतकरी त्या उपरण्याकडे पाहत उभा राही. १९३९ च्या मुंबई इलाख्याच्या शेतमाल बाजार कायद्याने आणि पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने नियंत्रित बाजारांचा पाया घातला. उघडा लिलाव, प्रमाणित वजन आणि शेतकऱ्याच्या हातात हिशेबपट्टी, या तीन गोष्टींनी उपरणे दूर केले. आज नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा आणि मंचरचा भाजीपाला लिलावाने विकला जातो. त्या पट्टीवर वजन, भाव, हमाली आणि तोलाई असे रकाने असतात. तो लहानसा कागद किती मोठ्या लढ्यानंतर आपल्या हाती आला, याचा विसर पडू नये.

आता यंत्राकडे वळू. व्यवसायाच्या दैनंदिन कामाला संगणक प्रथम लावला तो इंग्लंडातील लायन्स नावाच्या चहाच्या दुकानांच्या कंपनीने, १९५१ मध्ये. तोफांचा मारा किंवा ग्रहांच्या गती यांऐवजी पाव आणि केक यांचा हिशेब या यंत्राला देण्यात आला! रोज सकाळी कोणत्या दुकानाला किती माल लागेल, हे जर वेळेवर कळले नाही तर पाव शिळा होतो. म्हणून त्यांना घाई. नाशवंत माल विकणाऱ्या आपल्या भागाला ही घाई वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. पुढे या नव्या युगाचा एक दरवाजाही आपल्याच तालुक्यात उघडला. १९७० नंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत नारायणगावाजवळ आर्वी येथे उपग्रहाद्वारे परदेशाशी बोलणारे भूकेंद्र सुरू झाले. एके काळी परदेशाची बातमी नाणेघाट चढून येत असे; आता ती आकाशातून आर्वीला उतरू लागली.

आज आपल्या शेतकऱ्याच्या दारात ही व्यवस्था कोणत्या रूपाने येते, याचे एक उदाहरण पुरे. जुन्नर तालुक्यात विघ्नहर आणि आंबेगाव तालुक्यात भीमाशंकर असे दोन सहकारी साखर कारखाने आहेत. उसाच्या धंद्यात सर्वांत कठीण काम गाळपाचे नाही, क्रमाचे आहे. हजारो शेतकऱ्यांचा ऊस एकाच हंगामात तयार होतो आणि कारखान्याचे तोंड एकच. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा अशी लागण वेगवेगळी. तोड लवकर झाली तर उतारा कमी, उशिरा झाली तर वजन घटते. तोडलेला ऊस पडून राहिला तर दोन्ही जाते. म्हणून सहकारी कारखान्यांत लागणीची तारीख, जात आणि क्षेत्र यांची नोंद करून त्यावरून तोडणीचा कार्यक्रम लावतात. पूर्वी हे काम गावोगाव फिरणाऱ्या चिटबॉयच्या वहीत असे. आता संगणकात असते, आणि अनेक ठिकाणी वजनकाट्यावरचा आकडा शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो.

यंत्राने वेग आणला, यात शंका नाही. चूकही कमी झाली. परंतु ज्याचा ऊस मागे राहिला, त्याचा प्रश्न तोच राहतो: माझा क्रमांक कितवा होता आणि माझ्यापुढे कोण गेला? क्रम संगणकाने लावला, एवढे उत्तर त्याला पुरत नाही. कुलकर्णी निदान पारावर भेटत असे, त्याला जाब विचारता येत असे. पडद्यामागचा हिशेबनीस भेटत नाही. नोंदींची सबंध यादी गावच्या चावडीवर लावली, तर शंका आणि भांडणे निम्मी होतील. यादी बंद ठेवली, तर पडदा हाच नव्या काळाचा उपरणा होईल.

दुसरी मर्यादाही सांगितली पाहिजे. माहिती मिळाली म्हणजे शहाणपण मिळाले, असे नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात शेतकऱ्यांवर टोमॅटो फेकून देण्याची पाळी आली, आणि त्याच वर्षी जुलैत भाव आकाशाला भिडले. दोन्ही वेळी दररोजचा बाजारभाव प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलवर होता. आजचा भाव सगळ्यांना कळला म्हणून सगळ्यांनी तेच पीक लावले, तर उद्याचा भाव पडणारच. शेतकऱ्याला खरी गरज आहे ती एकूण लागवड किती झाली या माहितीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद आपण होऊन करावी अशी सोय झाली. ही नोंद सरकारी मदतीपुरती न राहता तालुक्याची बेरीज म्हणून लागणीच्या वेळीच परत शेतकऱ्यापर्यंत आली, तर तिचे खरे मोल. माहिती खालून वर जाते आणि वरच राहते, ही आपल्याकडील जुनी खोड आहे.

आंबेगाव हे मूळ गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, तरी तालुक्याचे नाव आंबेगावच राहिले. कचेरी घोडेगावला चालते. दफ्तरातील नाव गावापेक्षा चिवट असते! एकदा नोंदले गेलेले सहसा पुसत नाही, मग ते बरोबर असो वा चुकीचे. म्हणूनच कोणतीही नवी व्यवस्था दारात आली, मग ती बाजार समितीची असो, दूध संस्थेची असो, कारखान्याची असो की एखाद्या खासगी कंपनीची असो, तिला आपण चार प्रश्न विचारावेत. माझ्याविषयी लिहितो कोण? ते मला माझ्या भाषेत वाचता येते का? चुकले असेल तर कोणाकडे जाऊन दुरुस्त करून घ्यावयाचे? आणि माझी नोंद माझ्या उपयोगासाठी परत येते का?

उषवदाताच्या लेखातील कोष्ट्यांना यांतील पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे मिळत होती. १८७५ मधील सुप्याच्या शेतकऱ्याला एकाचेही मिळत नव्हते. दोघांच्या मधल्या काळात लेखनाची साधने किती तरी सुधारली होती, ही गोष्ट विसरू नका. उत्तम साधन आल्याने न्याय आपोआप येत नाही. आपल्या गावच्या सोसायटीची वार्षिक सभा येत्या महिन्यांत भरेल. त्या सभेला जा, अहवाल मागून घ्या, आणि शेवटच्या पानावरील आकडे मोठ्याने वाचावयास सांगा. निगमसभेत ऐकविण्याची रीत आपल्याच मुलुखातली आहे. ती चालू ठेवण्यास कोणाची परवानगी लागत नाही.